पुनर्रचित गाव (ओकिनावा)

जपानच्या नैर्ऋत्येकडील ओकिनावा बेटावर र्‍युक्यू राज्याच्या काळातली वस्ती घरे, कुंपणे आणि कोठारांसह पुन्हा उभी करून लोकांना पाहण्यासाठी खुली केलेली ठिकाणे. र्‍युक्यू १६०९ पासून दक्षिण जपानमधील सात्सुमाच्या सरदारांच्या अंकित होते, तरी १८७९ पर्यंत तिथे स्वतःचा राजा होता.

दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या एप्रिल ते जूनमधील लढाईत बेटाच्या दक्षिण भागात जुने घर म्हणून फारसे काही उरले नाही. पुढे १९७२ पर्यंत अमेरिकी अंमल होता. त्या काळात वादळाला दाद न देणारी काँक्रीटची घरे रूढ झाली. म्हणून जुने गाव पाहायचे तर बहुधा तिकीट काढावे लागते.

‘पुनर्रचित’ या शब्दाखाली मात्र तीन वेगळ्या गोष्टी येतात. ओन्ना येथील र्‍युक्यू मुरामध्ये (मुरा म्हणजे गाव; १९८२ पासून खुले) ठिकठिकाणची खरी घरे उतरवून आणून पुन्हा जोडली आहेत. मोतोबूचे क्योदो मुरा १९७५ च्या सागरी प्रदर्शनाच्या जागेवरील उद्यानात आहे आणि तिथली घरे जुन्या नमुन्यांवरून नव्याने बांधलेली आहेत. योमितानचे मुरासाकी मुरा तर १९९३ च्या दूरदर्शन मालिकेसाठी उभारलेला सेट. जुने लाकूड पाहायचे असेल तर पहिले ठिकाण बरे, गावाची मांडणी समजून घ्यायची असेल तर दुसरे.

घराच्या दारासमोर आडवी भिंत असते, ती हिन्पुन. रस्त्यावरच्याची नजर तिच्यावर अडते, आणि ओकिनावी समजुतीप्रमाणे सरळ रेषेत येणारी बाधाही. पाहुण्याने तिच्या उजवीकडून जायचे, म्हणजे तो थेट बैठकीच्या खोलीपाशी पोचतो. बायकांची वाट डावीकडून, स्वयंपाकघराकडे. मधल्या खोलीत पूर्वजांचा देव्हारा. छपराची लाल कौले पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्याने घट्ट बसवलेली, वर शीसा हा सिंहासारखा राखणदार. परसात दगडी फूरू, म्हणजे डुकराचे खुराडे आणि शौचकूप एकत्र. गोव्यातली जुनी घरे पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

बेटावर राहणाऱ्या परदेशी माणसाला (अमेरिकी तळांवरची कुटुंबे, ओन्नाच्याच विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातले संशोधक) ही भेट पर्यटकापेक्षा वेगळी घडते. पर्यटक गाव पाहून विमानाने परततो, हा आपल्या काँक्रीटच्या गल्लीत परततो. तिथे फाटकावर शीसांची जोडी असते, तिठ्यावरच्या भिंतीत बाधा अडवण्यासाठी ‘इशिगान्तो’ ही अक्षरे कोरलेला दगड असतो. रोज पाहिलेल्या या वस्तू शोभेच्या नाहीत, हे त्याला इथून गेल्यावर उमगते. भाषेचेही तसेच. धडपडून शिकलेले जपानी इथल्या वृद्धांच्या आपसातल्या बोलण्यात निरुपयोगी ठरते, कारण ती भाषा उचिनागुची, म्हणजे ओकिनावाची स्वतःची, असते; तोक्योहून आलेल्यालाही ती कळत नाही. युनेस्कोने २००९ मध्ये तिचा समावेश संकटग्रस्त भाषांत केला.

र्‍युक्यू मुरामध्ये रेड्याला जुंपून फिरवायचा चरक आहे. उभ्या रुळांमधून उसाचा रस निघतो आणि तो आटवून ‘कोकुतो’ होतो. पुस्तकांत त्याला काळी साखर म्हणतात. मराठी माणूस सरळ गूळ म्हणेल. हे तंत्र १६२३ मध्ये गिमा शिन्जो यांनी चीनच्या फुजियान प्रांतातून शिकून आणवले.

अशा उद्यानांत पूर्वी हाबू या विषारी सापाची मुंगसाशी झुंज लावत. ते मुंगूस मूळचे भारतातले. प्राणिशास्त्रज्ञ वातासे शोझाबुरो यांनी १९१० मध्ये हाबू आणि उंदीर कमी व्हावेत म्हणून गंगेच्या खोऱ्यातून आणून सोडले. पण मुंगूस दिवसा हिंडतो, हाबू रात्री. दोघांची गाठ क्वचितच पडली. मुंगसांनी बेटाच्या उत्तरेकडील, उडता न येणाऱ्या यान्बारू कुइना पक्ष्यांवर ताव मारला, आणि आता मुंगसांनाच सापळे लावून पकडतात.