मराठवाड्यात ‘वायसिटी’च एक नंबर का?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’, म्हणजे जीटीएचा सहावा पार्ट आधी 2025 मध्ये येणार होता. मग 26 मे 2026 ठरली, आता 19 नोव्हेंबर 2026 सांगितली आहे. तारीख पुढे सरकली की चाहत्यांना जुनंच काम परत मिळतं: आतापर्यंतच्या पार्टांचे नंबर लावत बसायचं. लातूर, परभणी, नांदेडकडच्या तिशी-पस्तिशीतल्या ज्या ज्या माणसाला मी विचारलं, त्याचं उत्तर साधारण एकच. पहिला व्हाइस सिटी (बोलताना ‘वायसिटी’), दुसरा सॅन अँड्रियास, तिसऱ्या जागी पाचवा पार्ट. चौथ्याचं नाव काढलं की समोरचा म्हणतो, “तो होता व्हय?”

समीक्षकांचा हिशोब वेगळा आहे. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर चौथ्या पार्टला 100 पैकी 98 गुण आहेत, म्हणजे अख्ख्या मालिकेत सगळ्यात जास्त. तिसऱ्याला आणि पाचव्याला 97, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियासला 95. जगानं डोक्यावर घेतलेला पार्ट आपल्याकडे यादीतच नाही. मला हे आवडीनिवडीचं प्रकरण वाटत नाही. कुठल्या साली आपल्या गावात कसला कॉम्प्युटर होता आणि लाईट किती तास होती, हे पाहिलं की क्रमवारी आपोआप उलगडते.

ज्यांनी हा गेम कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक मोठं शहर असतं, त्यात एक गुन्हेगार नायक. मिशन करायचं तर करा, नाहीतर कुणाचीही गाडी काढून दिवसभर हिंडा. पोलीस मागे लागले की कोपऱ्यात स्टार वाढत जातात, जुन्या पार्टांत सहा झाले की लष्कर येतं. घरच्यांना यातलं फक्त मारामारीच दिसायची आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

सुरुवात स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातली. तिथल्या डीएमए डिझाइन या कंपनीनं (पुढे तिचंच नाव रॉकस्टार नॉर्थ झालं) 1997 मध्ये पहिला पार्ट काढला. मूळ कल्पना चोर-पोलिसांच्या पाठलागाची होती. गेम रटाळ होत चालला होता, आणि एका गडबडीमुळे पोलिसांच्या गाड्या वेड्यासारख्या अंगावर यायला लागल्या तेव्हा कुठं त्यात जीव आला, असं तो बनवणाऱ्यांनीच पुढे सांगितलं. 1999 मध्ये दुसरा आला. दोन्हींत शहर वरून दिसायचं, गच्चीवरून गल्लीत बघितल्यासारखं. हे दोन पार्ट आपल्याकडे क्रमवारीत तळाला टाकतात ते बहुतेक न खेळताच. 1997 साली तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर म्हणजे धूळ बसू नये म्हणून कव्हर घालून ठेवायची वस्तू होती.

ऑक्टोबर 2001 मध्ये तिसरा आला आणि शहर उभं राहिलं, चारी बाजूंनी. वर्षभरात, ऑक्टोबर 2002 मध्ये व्हाइस सिटी. कॉम्प्युटरवर ती मे 2003 मध्ये आली. ती चौथी नाही, ‘तीन’च्या घराण्यातलीच. सॅन अँड्रियासचंही तेच. ‘सहावा’ म्हणतात तो मोजायला गेलं तर सहावा नाहीच. वादाची अर्धी संध्याकाळ इथंच जाते. शिवाय हातातल्या छोट्या यंत्रांसाठी निघालेले पार्ट वेगळे, ते मोजायचे की नाही यावर अजून कुणाचं एकमत नाही.

आता आपल्याकडे येऊ. कॉम्प्युटर शिकवणारी एमकेसीएल ही संस्था 2001 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या कोर्सचे क्लास गावोगाव निघाले. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागणार म्हटल्यावर शिक्षकापासून तलाठ्यापर्यंत सगळे माउस धरायला शिकू लागले. अंबाजोगाई, उदगीर, वसमत, सेलू अशा ठिकाणी दहा-बारा कॉम्प्युटरची खोली ही नवी गोष्ट होती. सकाळी क्लास, संध्याकाळी तीच खोली नेट कॅफे, आणि नेट बंद असलं (बऱ्याचदा असायचंच) की गेमचं दुकान. तासाला पंधरा-वीस रुपये.

त्या खोल्यांत काय चालू शकत होतं ते बघा. व्हाइस सिटीला 800 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 128 एमबी रॅम आणि 32 एमबीचं ग्राफिक लागायचं. जागा एक जीबीच्या आत. मूळ गेम दोन सीडींवर यायचा, पण आपल्याकडे तो सीडीवरून आलाच कुठं? एकानं औरंगाबादहून (तेव्हा तेच नाव होतं) कॉपी आणायची आणि मग फोल्डर या मशीनवरून त्या मशीनवर जायचा. इन्स्टॉल करायची भानगड नाही. फोल्डर टाकला, डबल क्लिक केलं, चालू. हे अधिकृत नव्हतं हे सांगायलाच नको. अधिकृत काय असतं हे दाखवणारं दुकानही आसपास नव्हतं.

गेममधला काळ 1986 चा, शहर मायामीच्या धर्तीवर. नायक टॉमी व्हर्सेटी, त्याला आवाज रे लिओटा या अभिनेत्याचा. आमच्यापैकी कुणाला इंग्रजी संवाद कळत नव्हते आणि त्यानं काही अडत नव्हतं. अडायचं फक्त पाण्यात. टॉमीला पोहता येत नाही. समुद्रात पडला की संपला. विहिरीत कंबरेला डबा बांधून पोहायला शिकलेल्या पोरांना हे कधीच पटलं नाही. एवढा मोठा डॉन अन् पोहायला येईना!

पण या पार्टात मोटारसायकल होती. तिसऱ्यात नव्हती. माझ्या मते आपल्याकडचा पहिला नंबर निम्मा इथंच ठरला. 2001 च्या शेवटी पल्सर बाजारात आली होती आणि वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासूनचा. कुणाचा तरी काका, कुणाचा तरी मामा तिथं कामाला असायचाच. कारचं अप्रूप कमी, कारण कार कुणाच्या घरी येणारच नव्हती. गाडी म्हणजे दुचाकी. पीसीजे नावाची ती बाईक पुढचं चाक उचलून समुद्राकाठच्या रस्त्यानं पळवायची, तीही पेट्रोलचा विचार न करता, यासाठी पोरं रांगेत बसायची. फॅजिओ नावाची स्कूटरही होती, तिच्यावर बसलेल्याला सगळे हसायचे.

गेम सेव्ह करायला टॉमीला घरी किंवा हॉटेलवर जावं लागायचं. तिथं कॅसेटची एक गुलाबी खूण फिरत असायची. सेव्हच्या जागा आठ. कॅफेत एका मशीनवर दिवसाला वीस पोरं. तुमचं सेव्ह उद्यापर्यंत टिकेल याची काही खात्री नाही. कुणीतरी त्याच्यावर आपलं सेव्ह करून मोकळा झालेला असायचा, आणि त्यावरून खरी मारामारी झालेली मी पाहिली आहे, गेमच्या बाहेरची. त्यात 2005 नंतरच्या काही वर्षांत भारनियमन. राज्यात विजेचा तुटवडा, आणि तालुक्याच्या गावांना त्याची झळ सगळ्यात जास्त. मिशन संपत आलंय, टॉमी हॉटेलकडे निघालाय, आणि पंखा थांबला. “आरं गेली की लाईट!” इन्व्हर्टर असला तरी तो मालकाच्या मशीनला. उरलेल्या दहा मिनिटांचे पैसे परत मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

परिणाम असा झाला की मिशन कुणी करेना. करून उपयोग काय, उद्या पहिल्यापासून. व्हाइस सिटीत वादळाच्या इशाऱ्यामुळे सुरुवातीला पूल बंद असतात. काही मिशन पार केली की दुसरं बेट उघडतं. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी तो पूल कधी ओलांडलाच नाही. अर्ध्या शहरात वर्षानुवर्षं हिंडले आणि तेवढ्यावर त्याला एक नंबर दिला.

मिशनची जागा चीट कोडनं घेतली. वहीच्या मागच्या पानावर, बीजगणिताच्या सूत्रांखाली, कोडची यादी. ‘पॅन्झर’ टाइप केलं की आकाशातून रणगाडा, ‘लीव्ह मी अलोन’ टाकलं की पोलीस गायब. ‘ॲस्पिरिन’नं तब्येत भरायची, पण स्पेलिंगच्या शेवटी एक जास्तीचा ई लागायचा; औषधाचं खरं स्पेलिंग वेगळं आहे हे मला बारावीत कळलं. ज्याच्याकडे यादी त्याला भाव. शेजारी उभं राहून कोड सांगणारा पोरगा पैसे न भरता तासभर बघू शकायचा. एकजण खेळणार, चारजण मागे उभे राहून ओरडणार, हीच बसायची पद्धत होती. त्या खोलीत मुली जवळपास नसायच्याच. त्यांना क्लासची वेळ सकाळची आणि संध्याकाळी तिकडे फिरकायचं नाही, असा न लिहिलेला नियम. क्रमवारीच्या या गप्पा अजूनही पुरुषांच्याच वाटतात त्याचं मूळ तिथं आहे.

सॅन अँड्रियास ऑक्टोबर 2004 चा, कॉम्प्युटरवर जून 2005. एकाऐवजी तीन शहरं, मध्ये डोंगर, शेतं, वाळवंट. नायक सीजे पोहतो, जिमला जातो, जास्त खाल्लं तर सुटतो. रॅम 256 एमबी, जागा साडेतीन जीबीच्या वर, म्हणजे सीडीऐवजी डीव्हीडी. कॅफेतल्या दहापैकी दोन-तीन मशीनवरच चालायचा आणि त्या मशीन मोठी पोरं धरून बसायची. म्हणून इथं वयाची एक रेघ आहे: थोडे धाकटे, ज्यांच्या घरी 2008 च्या सुमारास कॉम्प्युटर आला, ते सॅन अँड्रियासला पहिला नंबर देतात. घरी सेव्ह टिकतं. त्यांनी रेल्वेचा पाठलाग करायचं ते कुप्रसिद्ध मिशन पन्नास वेळा करून पार केलं, ‘हेसोयाम’ हा कोड बोटांना पाठ केला, आणि गोष्ट शेवटपर्यंत पाहिली. पूर्ण खेळलेल्या पार्टाबद्दलचं त्यांचं मत मला जास्त वजनदार वाटतं, मी स्वतः ‘वायसिटी’वाला असूनही.

मग चौथा कुठं गेला? तिसरा, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास हे तिन्ही रेंडरवेअर नावाच्या एकाच इंजिनावर, म्हणजे गेम ज्याच्या आधारानं चालतो त्या मूळ सॉफ्टवेअरवर, बनले होते. क्रायटेरियन कंपनीचं हे इंजिन साध्या मशीनवरही धावायचं. 2004 मध्ये ईएनं क्रायटेरियन विकत घेतली. ईए ही प्रतिस्पर्धी कंपनी, तिच्या इंजिनावर विसंबून कसं राहणार? जीटीए काढणाऱ्या रॉकस्टारनं स्वतःचं नवं इंजिन घडवलं. ते 2006 मध्ये आधी वापरलं चक्क एका टेबल टेनिसच्या गेमसाठी, नंतर 2008 मध्ये चौथ्या पार्टासाठी. कॉम्प्युटरवर तो डिसेंबर 2008 मध्ये आला तेव्हा त्याला दीड जीबी रॅम, 16 जीबी जागा आणि वेगळं ग्राफिक कार्ड लागत होतं. धडधाकट मशीनवरही तो अडखळतो अशी जगभर ओरड होती. आपल्याकडे बोर्डवरच्या फुकट ग्राफिकवर तो उघडेचना. चालू करायला इंटरनेटवरून मंजुरी हवी, आणि चोरीच्या कॉपीत कॅमेरा दारू प्यायल्यासारखा डुलायचा. ती कंपनीनं मुद्दाम ठेवलेली शिक्षा होती. आम्हाला वाटलं गेमच खराब आहे. “चौथा हँग होतो” हे वाक्य तेव्हापासून चिकटलं ते आजतागायत. 98 गुणांचा गेम, आणि आमच्या हिशोबी तो बिघडलेला.

नंतरचा भाग भराभर घडला. 2011 मध्ये केंद्र सरकारनं सायबर कॅफेंसाठी नियम आणले. ओळखपत्र, नोंदवही, सगळं आलं. पोरं कमी झाली, मग मोबाइल आले आणि उरलेले कॅफे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं झाले. व्हाइस सिटी 2012 च्या डिसेंबरात मोबाइलवर आली, सॅन अँड्रियास वर्षभरानं.

पाचवा पार्ट सप्टेंबर 2013 चा. तीन दिवसांत एक अब्ज डॉलरची विक्री. कॉम्प्युटरवर एप्रिल 2015 मध्ये, सात डीव्हीडी आणि 65 जीबी. तो खेळला इंजिनिअरिंगला पुण्याला गेलेल्यांनी, होस्टेलमधल्या एखाद्या श्रीमंत मित्राच्या लॅपटॉपवर. लॉकडाऊनमध्ये मे 2020 ला एपिक या गेमच्या ऑनलाइन दुकानानं तो आठवडाभर फुकट दिला, तेव्हा लोकांची इतकी झुंबड उडाली की दुकानच काही तास बंद पडलं. गावी परतलेल्या पोरांनी तो घेऊन ठेवला, पण डाउनलोड नव्वद जीबीच्या आसपास आणि रोजचा डेटा दीड जीबी. साठ दिवस! म्हणून अनेकांनी पाचवा खेळला नाही, दुसऱ्याला खेळताना मोबाइलवर बघितला. त्यांच्या धाकट्या भावंडांचा पहिला नंबर पाचव्याला आहे, तोही पुष्कळदा असा बघितलेलाच. यात हसण्यासारखं काही नाही. आम्हीही मागे उभं राहूनच बघत होतो.

2021 च्या नोव्हेंबरात जुन्या तिन्ही पार्टांची नवी रंगवलेली आवृत्ती आली. पावसाच्या धारा अशा की रस्ता दिसेना, माणसांचे चेहरे मेणाचे. लोक चिडले, कंपनीला माफी मागावी लागली. संगीताचे हक्क संपल्यामुळे व्हाइस सिटीत गाडीच्या रेडिओवर लागणारी काही गाणी तर त्याआधीच गळाली होती. ती गाणी अजून पूर्ण आहेत ती जुन्या, कॉपी करत आलेल्या फोल्डरांत.

सहाव्या पार्टाचं शहर पुन्हा व्हाइस सिटीच आहे. मात्र जाहीर झालाय तो फक्त पीएस-5 आणि एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांसाठी. कॉम्प्युटरचं नावही घेतलेलं नाही. तिसऱ्यापासून सगळेच पार्ट आधी टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर आले, मग कॉम्प्युटरवर: पहिल्या काहींना सात-आठ महिने लागले, पाचव्याला एकोणीस. लातूरच्या एका मित्राला हे सांगितलं तर त्यानं बोटांवर महिने मोजले आणि विचारलं, “आन् मग रॅम किती लागंल?”