करांदा-कोनफळ कुळातील कंद

डायोस्कोरिया प्रजातीतील वेलींचे पिठूळ कंद. इंग्रजीत या सगळ्यांना याम म्हणतात. मराठीत मात्र जातीगणिक नाव वेगळे: कोनफळ, करांदा, कणगर. सुरण आणि रताळे या कुळातले नव्हेत. अमेरिकेत रताळ्यालाच याम म्हणत असल्याने घोटाळा होतो, एवढेच. जाती सुमारे ६००, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. प्रजातीचे नाव डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्यावरून पडले.

वेल हातात घेतली तरी जात ओळखू येते. कोनफळाचे खोड चौधारी असते आणि आधाराभोवती एका दिशेने पीळ घेते. करांद्याचे खोड गोल, पीळ नेमका उलटा. कोनफळ जमिनीखाली पोसते, चिरले की बहुधा जांभळे निघते आणि बुळबुळीत चिकाने हाताला खाज सुटते. करांदे पानांच्या बेचक्यात लोंबतात. उकडलेल्या करांद्याची साल नखाने निघते, आत फिकट पिवळा गर आणि खाल्ल्यावर जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा. वसईकडच्या उकडहंडीत हे दोन्ही पडतात.

लागवडीत पश्चिम आफ्रिकेला तोड नाही. जगातले निम्म्याहून कितीतरी अधिक उत्पादन एकट्या नायजेरियात होते. तिथल्या इग्बो लोकांत हा पिकांचा राजा. नव्या कंदाचा सण झाल्याशिवाय नवे पीक खायचे नाही, अशी रीत. उकडलेला कंद उखळात कांडून लवचिक गोळा करतात आणि रश्शात बुडवून खातात. जपानात काही जाती कच्च्याच किसून भातावर घेतात. चीनमध्ये ‘शान याओ’ हा याच कुळातला कंद स्वयंपाकातही आहे आणि औषधातही.

रानटी जातींबाबत मात्र जपून राहायला हवे. डायोस्कोरिया हिस्पिडामध्ये डायोस्कोरीन हे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष असते. जावा बेटावर या कंदाला गाडुंग म्हणतात. त्याच्या चकत्यांना राख चोळून, दिवसचे दिवस पाणी बदलत भिजवून मगच तळतात. विषातून अन्न काढण्याची ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरांनी सांभाळली, आणि तिचे मोल प्रयोगशाळेतल्या शोधाइतकेच आहे.

तसा शोधही याच कुळाने दिला. रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी १९४० च्या दशकात मेक्सिकोतील रानकंदांतल्या डायोस्जेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन हे स्त्रियांच्या शरीरातले हार्मोन बनवले. तोवर ते फार महाग होते. १९४४ मध्ये तिथे सिंटेक्स कंपनी उभी राहिली आणि १९५१ मध्ये तिच्या प्रयोगशाळेत नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम हार्मोन तयार झाले. गर्भनिरोधक गोळीचा हा एक पाया. पण हे रूपांतर रसायनशाळेतच होते, शरीरात नाही. म्हणून ‘वाइल्ड याम’ची मलमे हार्मोनचे काम करतात हा दावा खोटा आहे.

हिमालयातला डायोस्कोरिया डेल्टॉइडिया याच डायोस्जेनिनपायी अतोनात खणला गेला. आता त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या करारानुसार नियंत्रित आहे.