संगीतोपचारक व्हायचंय की गाणं ऐकवायचंय?

“गाण्याच्या परीक्षा दिल्यात, आवाज बरा आहे, मानसिक आजारांवरची मदत सगळ्यांपर्यंत पोहोचावी असं मनापासून वाटतं. संगीतोपचारात करिअर करायचंय. सुरुवात कोणत्या रागांपासून करू?” हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की उत्तर तोंडपाठ झालंय. हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. घोळ आहे तो शेवटच्या वाक्यात. गाण्याने बरं वाटतं हे विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, आणि संगीतोपचार म्हणजे तेच, फक्त दवाखान्यात, अशी त्याची समजूत असते.

ओळखीची बाजू आधी उरकून टाकते. दमून आल्यावर आवडीचं गाणं लावलं की जीव निवतो. शस्त्रक्रियेआधी संगीत ऐकवलं तर रुग्णाची धास्ती कमी होते, असं अभ्यासांतही दिसलंय. त्यासाठी थेरपिस्ट लागत नाही, नर्सने हेडफोन लावून दिले तरी भागतं. या प्रकाराला अभ्यासक ‘म्युझिक मेडिसिन’ म्हणतात, म्हणजे गोळीसारखं द्यायचं संगीत. चांगली गोष्ट आहे, स्वस्त आहे, जरूर करावी.

काही फरक लोक उगाच मोठे करतात. थेरपिस्ट प्रत्यक्ष वाजवतो आणि बाकीचे रेकॉर्डिंग लावतात, हा त्यातला एक. अमेरिकी संगीतोपचारक हेलन बॉनी यांनी १९७०च्या दशकात बसवलेली पद्धत बहुतांशी रेकॉर्ड केलेल्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावरच चालते, आणि ती पक्की थेरपी आहे. वाद्य कोणतं, एकट्याला की गटाला, हेही सोडून द्या.

अडखळायला होतं ते एकाच ठिकाणी: खोलीत कोण कोणाच्या मागे जातंय?

मी संगीतोपचार शिकत असतानाची गोष्ट. वॉर्डात पन्नाशीच्या एक बाई होत्या, तीव्र नैराश्य, दिवसचे दिवस खुर्चीत. त्यांच्यासाठी मी एक प्रसन्न गाणं निवडलं आणि जीव ओतून गायले. कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढच्या आठवड्यात माझ्या सुपरवायझर माझ्याबरोबर आल्या. कीबोर्ड मांडीवर घेतला आणि नुसत्या बसून राहिल्या. मला अवघडायला लागलं. बाईंचं एक बोट खुर्चीच्या हातावर घासत होतं, संथ, मध्येच अडणारं. सुपरवायझरनी त्या घासण्याबरोबर एक खालचा सूर धरला. बोट थांबलं, सूर थांबला. बोट हललं, सूर आला. असं बराच वेळ चाललं. मग बाईंनी बोट उचलून हवेत धरलं आणि वर पाहिलं. मुद्दाम. आता काय करतेस बघू, अशी ती नजर होती. सुपरवायझरनीही बोट उचलून धरलं.

त्या दिवसाच्या नोंदीत ‘रुग्णाने आपणहून सुरुवात केली’ असं वाक्य आहे. माझ्या गाण्याच्या नोंदीत होतं, ‘रुग्णाने मान फिरवली.’ टाळ्यांची नोंद कोणीच केली नव्हती.

गाणं ऐकवणारा घरून संगीत ठरवून येतो आणि ऐकणाऱ्याने त्याच्याकडे यावं अशी त्याची अपेक्षा असते. थेरपिस्ट माणूस जिथे आहे तिथून सुरुवात करतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आयरा आल्टशूलर यांनी १९४०च्या दशकात मांडलेलं ‘आयसो’ तत्त्व हेच सांगतं: संगीत आधी रुग्णाच्या आत्ताच्या मनःस्थितीशी जुळवायचं, मग हळूहळू बदलायचं. उदास माणसाला आनंदी गाणं ऐकवणं म्हणजे गुडघा दुखणाऱ्याला ‘पळ रे’ म्हणण्यासारखं. पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष मुलांचे शिक्षक. १९५९मध्ये दोघांनी एकत्र काम सुरू केलं, तेव्हा मुलाचं रडणं-ओरडणंही त्यांनी संगीत म्हणूनच ऐकलं आणि त्याला पियानोवर उत्तर दिलं.

म्हणून थेरपीत आधी तपासणी असते, या माणसासाठी ठरवलेलं उद्दिष्ट असतं, आणि प्रत्येक सेशननंतर नोंद असते. ऐकता ऐकता माणूस ढसाढसा रडायला लागला तर हा फरक उघडा पडतो. गाणारा भांबावतो, गाणं बदलतो, नाहीतर ‘बघा, किती भिडलं’ म्हणून सुखावतो. थेरपिस्टचं काम तिथे सुरू होतं. ते रडणं कशाचं आहे, आत्ता उघडायचं की झाकायचं, आणि सेशन संपल्यावर हा माणूस नीट खोलीबाहेर जाईल ना, हे सगळं त्याच्या डोक्यात चालू असतं. संगीताने कधीच अपाय होत नाही, असं म्हणणाऱ्याने नको ती आठवण एका धूनीसरशी परतलेली पाहिलेली नसते.

आता माझा राग काढून घेते. अमुक रोगावर अमुक राग असे तक्ते मला पाठवू नका. रागसंगीतावर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्याची औषधाची यादी झालेली बघवत नाही. वाद्यं ४३२ हर्ट्झला लावली की माणूस बरा होतो, ही जादूही नको. आणि तो मोझार्ट इफेक्ट, म्हणजे मोझार्टचं संगीत ऐकवलं की बाळं हुशार होतात म्हणे! १९९३चा मूळ प्रयोग कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम टिकला जेमतेम पंधरा मिनिटं. तान्ह्या बाळांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

करिअर म्हणाल तर हा स्वतंत्र पेशा आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॉलेजात १९४४मध्ये पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आज तिथे पदवीबरोबर १,२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मग प्रमाणपत्राची परीक्षा असते. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना स्वतःला म्युझिक थेरपिस्ट म्हणवणं कायद्याने गुन्हा आहे. जिथे असा कायदा नाही तिथे कोणीही पाटी लावतो, आणि त्या पाट्यांमुळेच मला हे लिहावं लागतंय.

पुराव्यांबद्दलही प्रामाणिक राहा. नैराश्यात नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर थोड्या काळापुरता फायदा दिसतो, असं कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०१७चा आढावा सांगतो. त्याच वर्षी ९ देशांतल्या ३६४ ऑटिस्टिक मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला: मुख्य लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक नाही. हा दुसरा निकाल पालकांना सांगताना ज्याची जीभ अडखळते, त्याच्याकडे मी कोणाला पाठवत नाही.

राहिला ‘सगळ्यांपर्यंत पोहोचण्या’चा मुद्दा. गाणी आधीच प्रत्येकाच्या फोनमध्ये पोहोचली आहेत. त्यात आणखी एक प्लेलिस्ट घातल्याने मानसिक उपचार कोणाच्या आवाक्यात येत नाहीत. बाहेर राहतात ती बोलून उपचार घेऊ न शकणारी माणसं: डिमेन्शियात शब्द हरवलेली, पक्षाघातानंतर वाचा गेलेली, धक्क्याने गप्प झालेली मुलं, डॉक्टरची भाषा न येणारी. समुपदेशन तिथे दारातच अडतं. या पेशाची खरी गरज तिथे आहे, आणि तिथे गोड गळा कमी पडतो.

इतकी वर्षं शिकायची तयारी नसेल तर वॉर्डात जाऊन गा. खरंच गा, लोकांना हवं असतं. फक्त त्याला गाणं म्हणा.

आणि त्या नेहमीच्या प्रश्नाचं माझं उत्तर: रागांपासून नको. आवडतं गाणं घ्या, ते कोणत्याही पट्टीत उचलता आलं पाहिजे. मग ते गाताना समोरच्याच्या श्वासाकडे बघा आणि श्वास बदलला की ओळ अर्ध्यावर सोडून द्या. गाण्यातल्या माणसांना हे शेवटचं फार जड जातं. मला दोन वर्षं लागली, आणि समेवर यायचा मोह अजून होतोच.