बॉल पायथनची जोडी लावण्याआधी: नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

दिवाळी सरून हवेत गारवा आला की बॉल पायथन हा परदेशी साप पाळणाऱ्यांची विचारपूस सुरू होते. मादी किती ग्रॅमची हवी, रात्रीचं तापमान कितीवर आणायचं, नर किती दिवस सोबत ठेवायचा. हे सगळं विचारायच्या आधी एक गोष्ट तपासा: नर आणि मादी या दोघांची नोंदणी तुमच्या नावावर आहे का? नसेल तर जोडी लावूच नका. अंड्यातून निघणाऱ्या पिल्लांचे कागद आईबापाच्या कागदावरूनच तयार होतात, आणि मूळ कागद नसेल तर तो नंतर उभा करणं फार अवघड जातं.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीने साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातले प्राणी नव्या अनुसूची ४ मध्ये आणले. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तो साइट्सच्या परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो. कायद्याच्या कलम ४९-एम नुसार अशा प्राण्याचा ताबा, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू, सगळं कळवावं लागतं. हे कलम पाळल्याशिवाय प्राणी बाळगायला, दुसऱ्याला द्यायला किंवा त्याचं प्रजनन करायला मनाई आहे. म्हणजे ‘पाळतोय तर पाळतोय, पिल्लं झाली की बघू’ ही सवड कायद्यात नाही. या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

नोंदणीची पद्धत ठरवणारे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती. ती त्याच वर्षी ऑगस्टअखेर संपली. आता नवा प्राणी ताब्यात आला की ३० दिवसांच्या आत कळवायचं.

पात्रता: कोणता साप, कोणत्या वाटेने आलेला

आपल्याकडचा अजगर आणि बॉल पायथन यांची गल्लत सर्रास होते. भारतीय अजगर अनुसूची १ मधला वन्यजीव आहे. तो घरी ठेवणं हाच गुन्हा, प्रजनन तर दूरच. सर्पमित्राचं ओळखपत्र खिशात असलं तरी शेतातून पकडलेला अजगर खोक्यात ठेवून ‘जोडी शोधतोय’ म्हणता येत नाही. असा अजगर ठेवणाऱ्यांसाठी हा लेख नाही.

बॉल पायथनच्या बाबतीत अधिकारी एकच गोष्ट बघतात: प्राणी कोणताही कायदा मोडून मिळवलेला नाही ना? इथे तीन प्रकारचे मालक दिसतात. पहिले, ज्यांनी २०२० च्या केंद्राच्या ऐच्छिक घोषणा योजनेत आपले प्राणी जाहीर केले. त्या योजनेत ठरलेल्या मुदतीत घोषणा करणाऱ्यांना आयातीचे कागद मागितले गेले नव्हते, त्यामुळे ती जुनी पावती आज सोन्याच्या मोलाची आहे. दुसरे, ज्यांनी नोंदणीकृत मालकाकडून प्राणी घेतला. तिसरे, ज्यांनी रीतसर आयात केला. त्यांच्याकडे विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि साइट्सचे परवाने असतील.

चौथाही प्रकार आहे, पण त्याला पात्र म्हणता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले. असे प्राणी पुढे ‘कागद नंतर देतो, भाऊ’ म्हणत विकले जातात. तो नंतरचा कागद कधीच येत नाही. विकणाऱ्याने नोंदणी प्रमाणपत्र दाखवलं नाही तर किंमत कितीही कमी असो, उठून घरी या.

ब्रीडर परवान्याबद्दलही गैरसमज आहे. कलम ४९-एन आणि २०२३ चे प्रजनन परवाना नियम साइट्सच्या परिशिष्ट १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक धोक्यातल्या प्राण्यांसाठी आहेत, उदाहरणार्थ आफ्रिकन ग्रे पोपट, हायसिंथ मकाऊ किंवा मादागास्करचं रेडिएटेड कासव. बॉल पायथन परिशिष्ट २ मधला असल्याने तो परवाना त्याला लागत नाही. तो मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. ४९-एम ची नोंदणी मात्र चुकत नाही.

अर्ज कुठे, कागद कोणते

अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर ऑनलाइन करायचा. तो तुमच्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे, गोव्याचं वेगळं. राज्य निवडताना प्राणी प्रत्यक्ष जिथे ठेवला आहे ते राज्य टाका. आधार कार्डावर गावचा पत्ता आणि साप पुण्याच्या फ्लॅटमध्ये, असं असेल तर भाडेकरार किंवा वीजबिल हाताशी ठेवा, कारण वनकर्मचारी जागा बघायला येऊ शकतात.

ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्यासोबत प्राणी कुठून आला याचा पुरावा लागतो: बिल, आधीच्या मालकाचं नोंदणी प्रमाणपत्र, २०२० ची पावती किंवा आयातीचे परवाने, यांतलं जे लागू असेल ते. पशुवैद्याचं प्रमाणपत्र आधीच करून ठेवा. त्यात शास्त्रीय नाव, वजन, अंदाजे वय आणि लिंग नीट लिहून घ्या. लिंगाच्या बाबतीत तर अजिबात आळस नको. कागदावर ‘नर’ असलेल्या सापाने सहा अंडी घातली की पुढचा पत्रव्यवहार किती रंजक होतो, याची कल्पना करा.

फोटोंकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात. बॉल पायथनच्या अंगावरची नक्षी प्रत्येक सापाची वेगळी असते आणि मोठा झाला तरी तिची ठेवण तशीच राहते. ओळख पटवायला याहून सोपी खूण नाही. कात टाकल्यावर दोन दिवसांत, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर साप ठेवून डोक्यामागचा भाग, दोन्ही कुशी आणि पोट असे चार फोटो काढा. पिवळ्या बल्बखाली गुंडाळी करून बसलेल्या सापाचा फोटो कुणाच्याच कामाचा नसतो. एकाच रंगप्रकाराचे तीन-चार साप असतील तर मायक्रोचिप बसवून घेतलेली बरी. पूर्ण पांढऱ्या जनावरांना तर नक्षीच नसते.

आता जनावराची तयारी

नर-मादी दोघांची नोंदणी प्रमाणपत्रं हातात आल्यावर मग बाकीचं. मादी साधारण १,५०० ग्रॅमच्या पुढची आणि निदान तीन वर्षांची असावी. नर ६००-७०० ग्रॅमचाही चालतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्रीचं तापमान २४-२५ अंशांपर्यंत उतरवतात, दिवसा गरम जागा तशीच राहते. आपल्या हिवाळ्यात हे बहुधा आपोआप साधतं. श्वासाला घरघर, तोंडाशी फेस किंवा खवल्यांत गोचीड-माइट दिसली तर त्या मोसमात जोडी नको. स्पायडर रंगप्रकारात डोकं डुलण्याचा मज्जासंस्थेचा दोष आनुवंशिक असतो. माझ्या मते त्याचं प्रजनन करूच नये, मागणी कितीही असो.

नर दुसऱ्याचा आणणार असाल तर थांबा. महिनाभरासाठी मित्राचा नर घरी ठेवणं तुम्हाला उसनवारी वाटेल, पण ताबा बदलतो आणि ताबाबदल कळवावा लागतो. त्यापेक्षा दोन्ही जनावरं एकाच मालकाची असणं सोयीचं.

अंडी घालण्याआधी मादी एकदा कात टाकते आणि त्यानंतर साधारण महिन्याने अंडी येतात, बहुधा चार ते आठ. ती उचलताना फिरवायची नाहीत; वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. ३१-३२ अंशांवर ५५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात. विदर्भ-मराठवाड्यात हा काळ एप्रिल-मे मध्ये आला तर इन्क्युबेटर (अंडी उबवण्याची पेटी) गरम ठेवण्यापेक्षा थंड ठेवणं कठीण. ३४ च्या वर गेलं की पिल्लं वाकड्या पाठीची निघतात किंवा आतच मरतात.

वहीत तारखा लिहीत जा: जोडी कधी लावली, अंडी किती, फोल (पिल्लू न धरलेली) किती, कोणतं पिल्लू कधी बाहेर आलं. जन्माची नोंद करताना हीच वही समोर लागते. जन्म परिवेशवर ठरलेल्या मुदतीत कळवा, सोबत आईबापाचे नोंदणी क्रमांक आणि प्रत्येक पिल्लाचा फोटो जोडा. पहिली कात साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पडते, तेव्हा फोटो पुन्हा काढून ठेवा. नक्षी जास्त स्वच्छ दिसते. पिल्लाची नोंद झाल्याशिवाय ते कुणाला देऊ नका आणि देताना हस्तांतराचीही नोंद करा. एखादं पिल्लू दगावलं तर तेही कळवायचं, नाहीतर कागदावर ते तुमच्या घरात जिवंतच राहतं आणि पुढच्या तपासणीत तुम्हाला ते दाखवावं लागतं.