जन्मजात जुळलेल्या मणक्यांत वरच्या मानेच्या हालचालीचे क्ष-किरण परीक्षण

मानेचे दोन किंवा अधिक मणके जन्मतः एकसंध असताना कवटीचा तळ, पहिला मणका (ॲटलास) व दुसरा मणका (ॲक्सिस) यांमधील हालचाल सुरक्षित मर्यादेत आहे की नाही, हे ठरवण्यासाठी केलेले क्ष-किरण चित्रण व मापन. भ्रूणावस्थेच्या साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात कायखंडांचे (ज्यांपासून पुढे मणके बनतात त्या भ्रूणातील खंडांचे) विभाजन अपुरे राहिल्याने हा दोष उद्भवतो. मॉरिस क्लिपेल व आंद्रे फाइल यांनी १९१२ मध्ये पॅरिस येथे त्याचे वर्णन केले. तो त्यांच्याच नावाने क्लिपेल-फाइल विकार म्हणून ओळखला जातो. आखूड मान, खालपर्यंत उतरलेली केसांची रेषा व मानेची मर्यादित हालचाल ही त्रयी पूर्णपणे बऱ्याच रुग्णांत दिसत नाही.

फाइल यांचे १९१९ मधील वर्गीकरण मणके किती व कुठे जुळले आहेत यावर आधारलेले आहे. उरलेले सांधे किती स्थिर आहेत, हे त्यावरून फारसे कळत नाही. येथे खरा प्रश्न मात्र तोच आहे. दुसरा व तिसरा मणका जुळलेले असणे हा वारंवार आढळणारा प्रकार. त्यातच ॲटलास कवटीला जुळलेला असेल, तर दोन घट्ट खंडांमध्ये ॲटलास-ॲक्सिस हा एकच सांधा हलता राहतो आणि सगळा ताण त्याच्या अस्थिबंधांवर पडतो. असे चित्र दिसताच परीक्षण अधिक काटेकोर असावे.

बाजूने तीन चित्रे घेतात : मान सरळ, पुढे वाकवलेली व मागे नेलेली. मान रुग्णाने स्वतः, त्रास होणार नाही इतपतच हलवायची असते. तंत्रज्ञाने ती ढकलू नये. लहान मुलांत मणक्यांचा बराच भाग क्ष-किरण चित्रात न दिसणाऱ्या कूर्चेचा असतो. त्यामुळे जुळलेल्या मणक्यांमध्येही चकतीची जागा असल्यासारखे दिसते, आणि तिन्ही चित्रांत ते एकत्रच सरकतात का, हे पाहिल्यावरच जोड उघड होतो.

ॲटलासची पुढची कमान व ॲक्सिसचा दंताकृती प्रवर्ध (दातासारखा वर आलेला भाग) यांमधील अंतर प्रौढांत सुमारे ३ मिमी. व मुलांत ४ ते ५ मिमी.पर्यंत स्वाभाविक मानतात. प्रवर्धामागून ॲटलासच्या मागच्या कमानीपर्यंतचे अंतर म्हणजे मज्जारज्जूला मिळणारी जागा. स्टील यांच्या १९६८ च्या नियमानुसार ॲटलासच्या वलयाचा एक तृतीयांश भाग प्रवर्धाने व एक तृतीयांश मज्जारज्जूने व्यापलेला असतो. उरलेला तृतीयांश मोकळा असतो. ही जागा १३-१४ मिमी.पेक्षा कमी असणे चिंतेचे समजतात. १४ मिमी. हा आकडा मुख्यतः संधिवाताच्या रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आला असल्याने जन्मजात विकाराला तो जसाच्या तसा लावणे योग्य नाही. तरीही पुढच्या अंतरापेक्षा हे माप मज्जारज्जूच्या धोक्याच्या अधिक जवळ जाते. कवटी व ॲटलास यांमधील सरक मोजणे त्याहून अवघड आहे, कारण कानामागच्या हाडाची सावली खुणा झाकते.

वाढलेल्या हालचालीचा अर्थ काय, यावर एकमत नाही. पिझुटिलो व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वरच्या भागातील अतिहालचालीचा संबंध मज्जासंस्थेच्या धोक्याशी, तर खालच्या भागातील बदलांचा झिजेशी जोडला. नंतरच्या अभ्यासांत मोठी हालचाल असूनही लक्षणे नसलेले रुग्ण आढळले. त्यामुळे केवळ एका मापावरून शस्त्रक्रिया ठरवण्याऐवजी मज्जासंस्थेची तपासणी, एमआरआय व कालांतराने घेतलेली तुलनात्मक चित्रे एकत्र पाहणे अधिक ग्राह्य वाटते. हातापायांत अशक्तपणा, मुंग्या किंवा चालण्यात बदल असल्यास हालचालीच्या चित्रांआधी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.