सीबीजीबी: बावरीवरचा बार पंकचं घर कसा झाला

पंक, म्हणजे झटपट, खडबडीत, बंडखोर रॉक संगीत, म्हटलं की आपल्याकडे लंडन आठवतं. पण तिथला सेक्स पिस्टल्स हा बँड पहिल्यांदा मंचावर आला नोव्हेंबर १९७५ मध्ये. त्याच्या वर्षभर आधीपासून न्यूयॉर्कमध्ये, बावरी या रस्त्यावरच्या ३१५ क्रमांकाच्या जागेत, सीबीजीबी नावाच्या बारमध्ये रमोन्स हा बँड वाजवत होता.

हिली क्रिस्टल यांनी हा बार डिसेंबर १९७३ मध्ये सुरू केला. नावातली अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूजची, कारण त्यांना तेच संगीत हवं होतं. ते काही चाललं नाही. बावरी तेव्हा बेघरांची आणि दारूत बुडालेल्यांची वस्ती. बारच्या वरच्या मजल्यांवर रात्रीपुरती स्वस्तात झोपायची सोय होती. अशा जागी बेताच्या भाड्यात क्लब चालवता येत होता आणि रात्री रिकाम्याच जात होत्या, त्यामुळे नवख्या पोरांना मंच देऊन क्रिस्टल यांचं फार काही बिघडत नव्हतं. मार्च १९७४ मध्ये टेलिव्हिजन हा बँड वाजला, ऑगस्टमध्ये रमोन्स. रमोन्सचा अख्खा कार्यक्रम तेव्हा वीसेक मिनिटांत आटपायचा.

अट एकच होती: गाणी स्वतःची हवीत. दुसऱ्यांच्या गाण्यांच्या रॉयल्टीची कटकट त्यामुळे टळायची, पण माझ्या मते या क्लबचा सगळा इतिहास त्याच अटीतून घडला. पॅटी स्मिथ, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स यांचं एकमेकांशी काहीच जुळत नाही, तरी सगळे त्याच लांबट, चिंचोळ्या खोलीत तयार झाले. भिंतींवर पोस्टर आणि स्टिकरांचे थरावर थर, आणि संडास तर इतका बदनाम की २०१३ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने एका प्रदर्शनात त्याची प्रतिकृती उभारली. रेकॉर्ड न निघालेल्या बँडचा महोत्सव १९७५ च्या उन्हाळ्यात इथे झाला, तेव्हा समीक्षकांची नजर बावरीकडे वळली. ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी इथेच हार्डकोअरची, म्हणजे आणखी वेगवान आणि आक्रमक पंकची, पोरं जमू लागली.

पुढे बावरी महागली. जागेचा ताबा बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडे होता. थकलेल्या भाड्यावरून ती संस्था आणि क्लब यांच्यात वाद पेटला. ऑगस्ट २००५ मध्ये न्यायालयाने क्लबच्या बाजूने निकाल दिला, पण त्याच महिन्यात भाडेकरार संपला आणि तो पुन्हा झाला नाही. अखेरचा कार्यक्रम पॅटी स्मिथ यांनी १५ ऑक्टोबर २००६ ला केला. पुढच्याच ऑगस्टमध्ये क्रिस्टल गेले. २००८ मध्ये त्या जागेत फॅशन डिझायनर जॉन व्हर्व्हाटोस यांचं महागड्या कपड्यांचं दुकान आलं. क्लबच्या भिंतीचा थोडा भाग त्यांनी तसाच ठेवला.