ट्रेनिंगमध्ये खंड पडू द्या

१९ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीत सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचा कर्मयोगी सप्ताह सुरू झाला. प्रत्येक कर्मचाऱ्याने त्या काळात कामाशी निगडित किमान चार तासांचं शिक्षण घ्यावं, अशी अपेक्षा होती आणि त्यासाठी ‘आयगॉट कर्मयोगी’ हे ऑनलाइन पोर्टल हाताशी होतं. हेतू उत्तमच. पण चारही तास एकाच आठवड्यात कशाला? खासगी कंपन्यांतही वेगळं काही घडत नाही. मुदत जवळ आली की एचआरचे स्मरणमेल येऊ लागतात आणि माणसं एका दुपारी सगळी मॉड्यूलं उरकतात. एका खिडकीत व्हिडिओ, दुसरीत एक्सेल.

ऑनलाइन ट्रेनिंगचे फायदे विचारले तर उत्तरं ठरलेली असतात. प्रवासभत्ता वाचतो, हॉलचं भाडं वाचतं, नांदेडच्या माणसाला मुंबईत यावं लागत नाही. ही सगळी हिशेबखात्याच्या सोयीची उत्तरं. मेंदूच्या सोयीचं म्हणाल तर मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. ऑनलाइन शिक्षणाचे लहान तुकडे करून ते दिवसांवर, महिन्यांवर पसरता येतात. दहा मिनिटांच्या उजळणीसाठी तीन आठवड्यांनी सगळ्यांना पुन्हा हॉलमध्ये कोण बोलावणार?

विसरण्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने केला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करायचा, काही काळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचतात ते मोजायचा. प्रयोगातली व्यक्ती तो स्वतःच. वीस मिनिटांनी ही बचत सुमारे ५८ टक्के होती, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. ‘माणूस एका दिवसात ७० टक्के विसरतो’ असं जे ट्रेनिंगवाले सांगतात, त्याचं मूळ इथे आहे. मात्र ते आकडे अर्थहीन अक्षरांचे होते. अर्थ लागलेली गोष्ट इतक्या वेगाने निसटत नाही.

कामाच्या ठिकाणचा माझा आवडता पुरावा ब्रिटिश टपालखात्याचा. पत्रं यंत्राने वेगळी करता यावीत म्हणून पोस्टमनना टंकलेखन शिकवायचं होतं. अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट पाडले. एका गटाने रोज फक्त एक तास सराव करायचा, दुसऱ्या टोकाच्या गटाने दोन-दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे चार तास. मधले दोन गट रोज दोन तासांचे. १९७८ मध्ये निष्कर्ष छापून आले. कळफलक शिकायला रोज एक तासवाल्यांना एकूण सुमारे ३५ तास लागले, चार तासवाल्यांना सुमारे ५०. म्हणजे सलग बसणाऱ्यांचे पंधराएक तास पाण्यात गेले. गंमत पुढे आहे. सर्वांत नाखूश होता तो एक तासवाला गट! दिवस मोजले तर तेच मागे पडलेले दिसत होते ना. ट्रेनिंग संपल्यासंपल्या हातात फीडबॅक फॉर्म देऊन ‘समाधानी आहात का?’ विचारण्याची पद्धत किती फसवी आहे, ते यावरून कळावं.

पण खंडाने असा फरक का पडतो? याचं सर्वांत सुंदर उत्तर फळमाशीकडे आहे. कुजक्या केळ्यावर घोंघावते तीच. टिम टली आणि सहकाऱ्यांनी माशांना एक वास देताना विजेचा सौम्य झटका दिला, दुसरा वास झटक्याविना दिला. माशी पहिला वास टाळायला शिकते. हा धडा दहा वेळा सलग दिला तर आठवण काही दिवसांत विरून जाते. तेच दहा धडे मध्ये १५-१५ मिनिटं सोडून दिले, तर आठवण आठवडाभर टिकते. धडे तितकेच, झटके तितकेच. फरक फक्त रिकाम्या मिनिटांचा.

त्या रिकाम्या मिनिटांत पेशी काम करत असतात. टिकाऊ स्मृतीसाठी नवी प्रथिनं बनावी लागतात. प्रथिननिर्मिती रोखणारं औषध माशांना दिलं की खंड पाडून शिकवण्याचा हा जास्तीचा फायदा नाहीसा होतो. ही प्रथिनं बनण्यासाठी पेशीकेंद्रकातली जनुकं चालू व्हावी लागतात. ते काम क्रेब नावाचं प्रथिन करतं आणि त्याच्यापर्यंत निरोप पोहोचवणाऱ्या साखळीत एमएपीके हे विकर (एन्झाइम) असतं. २००९ मध्ये असं दिसलं, की एमएपीकेची लाट धडा चालू असताना उसळत नाही, ती धड्यानंतरच्या विश्रांतीत उसळून ओसरते. पुढचा धडा लगेच आला तर ही लाट नीट उठतच नाही. विश्रांती किती लांब हवी, हे एसएचपी-२ हे आणखी एक विकर ठरवतं. ते प्रमाणाबाहेर सक्रिय असलेल्या माशांना १५ मिनिटांच्या खंडाने काही साधत नव्हतं, खंड ४० मिनिटांवर नेल्यावर त्यांचीही स्मृती टिकली. भिंतीला रंगाचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नसतो, तसंच हे.

माणसाच्या बाबतीत खंड मिनिटांचा नसून दिवसांचा लागतो. निकोलस सेपेडा यांच्या गटाने २००८ मध्ये साडेतेराशेहून अधिक लोकांवर, तेही इंटरनेटवरूनच, प्रयोग केला. आठवड्याने परीक्षा असेल तर पहिल्या वाचनानंतर एका दिवसाने केलेली उजळणी सर्वांत फळली. वर्षभराने असेल तर सुमारे तीन आठवड्यांनी केलेली.

उजळणी म्हणजे तोच व्हिडिओ पुन्हा पाहणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुनर्वाचनवाले ८१ विरुद्ध ७५ टक्के असे पुढे होते. आठवड्याने पारडं फिरलं: पुनर्वाचनवाले ४२, आठवून लिहिणारे ५६. मोबाइलवर आलेला एक प्रश्न पुन्हा पाहिलेल्या व्हिडिओपेक्षा भारी पडू शकतो, तो यामुळे.

एक चिमटा काढतोच. ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०’ असा पिरॅमिड ट्रेनिंगच्या स्लाइडवर हमखास असतो. तो ज्यांच्या नावावर खपतो त्या एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांच्या १९४६ च्या मूळ आकृतीत एकही टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’ वर्गांना हसणारे सुशिक्षित हे गुळगुळीत आकडे मात्र मान डोलावत गिळतात.

अर्थात सगळंच पडद्यावर होत नाही. अग्निशामकाची पिन ओढून नळी आगीच्या बुडाशी धरायला हातच लागतात, त्यासाठी कारखान्याच्या आवारात उभं राहावंच लागेल. पण पेटलेल्या विजेच्या पॅनेलवर पाणी मारायचं की कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यायचा, हा प्रश्न सरावाच्या दुसऱ्या दिवशी, मग तीन आठवड्यांनी आणि मग सहा महिन्यांनी फोनवर विचारायला अर्धं मिनिट पुरतं.